गाडी परत का करत नाही: आई-बाबांना पत्र

कोलंबस, ओहायो

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "नवीकोरी गाडी आणि गळते? परत करून टाका आणि मोकळे व्हा." गॅसचं ऐकल्यापासून आईला झोप नाही, हे दादाकडून कळलं. मी फोनवर "होईल सगळं ठीक" एवढंच म्हणत राहिले. त्याने तुमचं समाधान झालं नसणार, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. सप्टेंबरात तुम्ही दोघं याच मोटारहोममधून, म्हणजे या चाकांवरच्या घरातून, आमच्याबरोबर फिरणार आहात. तिच्यात काय बिघडलं होतं, काय दुरुस्त झालं आणि काय अजून राहिलं आहे, ते तुम्हाला माहीत असायलाच हवं.

आई, आधी गॅसचं. शेगडीला जिथे नळी जोडली जाते, तिथलं नट कारखान्यात पुरतं आवळलेलंच नव्हतं. इथला प्रोपेनही आपल्या सिलिंडरमधल्या गॅससारखाच हवेपेक्षा जड. गळला की तो खाली जमिनीलगत साठतो, म्हणून गॅसची सूचना देणारं यंत्र गाडीत अगदी खाली बसवलेलं असतं. त्या संध्याकाळी ते वाजलं, मंदारने बाहेरची मुख्य झडप बंद केली, आम्ही सगळे खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी गॅसचं काम करणाऱ्या माणसाने नट आवळून दिलं, पण तेवढ्यावर मी त्याला जाऊ दिलं नाही. शेगडी, हीटर, पाणी तापवायचं यंत्र, सगळ्यांचे बर्नर बंद ठेवून त्याने पूर्ण नळीत दाब भरला आणि तो उतरतो का ते मापकावर पाहिलं. काटा हलला नाही. हीच तपासणी तुम्ही यायच्या आधी पुन्हा करून घेणार आहे, आणि गाडी रस्त्यावर असताना मुख्य झडप बंदच राहील. तू आल्यावर तुला ती झडप आणि ते यंत्र दोन्ही दाखवीन.

आता गळतीचं. बाबा, हे काम तुमच्या ओळखीचं आहे. फोर्डची ई-४५० चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसकट गाडीचा खालचा भाग, एका कारखान्यात येते आणि तिच्यावर दुसरीच कंपनी घराचा सांगाडा चढवते, जशी दापोडीच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही लेलँड आणि टाटाच्या चासीवर एसटीची बॉडी बांधायचात. फरक सामानात आहे. तुमच्याकडे अॅल्युमिनियमचा पत्रा आणि रिव्हेट. इथे बाहेरून फायबरग्लासचा पातळ थर, त्याच्या आत तसंच पातळ प्लायवूड, मधे फोम, आणि हे सगळं एकमेकांना गोंदाने चिकटवलेलं. छतावर रबरासारखी चादर. त्या छताला एसीसाठी, पंख्यासाठी, टाक्यांच्या हवेच्या नळ्यांसाठी, उजेडाच्या झरोक्यासाठी भोकं पाडलेली. प्रत्येक भोकाच्या कडेखाली ब्यूटिलची चिकट पट्टी दाबायची आणि वरून फटी बुजवणारं सीलंट सोडायचं, अशी पद्धत. गाडी चालताना सांगाडा सतत पिळवटतो, त्यामुळे सांधे हलतात. पट्टी कुठे वीतभर जरी कमी पडली तरी पाणी आत शिरतं.

आमच्या गाडीत ते ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगापाशी शिरलं, जिथे ईशान झोपतो. या धाटणीच्या गाड्यांत हीच जागा बदनाम आहे. छप्पर, पुढचा भाग आणि बाजूची भिंत तिथेच एकत्र येतात, आणि धावत्या गाडीवर पावसाचा मारा थेट तिथेच बसतो. वसंतातला पहिला मोठा पाऊस झाला आणि गादी खालून ओली लागली. वर काहीच दिसत नव्हतं. डीलरने कोपऱ्यावर सीलंटचा आणखी एक थर दिला आणि काम झालं म्हणून सांगितलं. पुढच्या पावसात पुन्हा ओल.

ही ओल मला गादीपेक्षा भिंतीसाठी खुपते. प्लायवूड भिजलं की गोंद सुटतो, बाहेरचा फायबरग्लासचा थर फुगतो, आणि एकदा फुगला की सहसा अख्खी भिंत उघडावी लागते. आमच्याकडे अजून तसा फुगवटा आलेला नाही. मी रोज हात फिरवून बघते, तुम्ही बॉडीवर फिरवायचात तसा.

मग आम्ही एक स्वतंत्र तपासनीस बोलावला. विक्रेत्याशी काही संबंध नसलेले, प्रमाणपत्र घेतलेले असे तपासनीस इथे असतात. पैसे आमच्या खिशातून गेले, पण आजवर या गाडीवर झालेल्या खर्चात तो सगळ्यात सत्कारणी लागला असं मी म्हणेन. त्याने ओल मोजायच्या यंत्राने भिंती तपासल्या. मग छतावरच्या एका झरोक्यात पंखा बसवून गाडीत हवेचा थोडा दाब तयार केला आणि बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं. जिथे भेग, तिथे बुडबुडे. पुढच्या छोट्या खिडकीच्या वरच्या कडेला बुडबुड्यांची ओळच उठली. खिडकीच्या चौकटीखाली एका बाजूने ब्यूटिलची पट्टी घातलेलीच नव्हती. बाबा, तुम्ही असतात तर त्या माणसाजवळून हलला नसता.

बाकीचे दोष त्या मानाने लहान. ओट्याखालच्या नळीचं एक कडं नीट दाबलेलं नव्हतं. एका खणाचे स्क्रू नुसत्या पातळ प्लायमध्ये मारलेले, मागे लाकडाचा आधारच नाही, त्यामुळे पहिल्याच वळणाला खण बाहेर. हीटरचं मात्र सांगायलाच हवं. तो सुरू व्हायचा आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडायचा. डीलर म्हणाला, यंत्र बदलावं लागेल, भाग यायला वेळ लागेल. तपासनीसाने जमिनीतली जाळी उचलून आत हात घातला, तर गरम हवेच्या मार्गात भुसा, लाकडाचे तुकडे आणि मूठभर स्क्रू. हवा तुंबली की आतला सुरक्षा-स्विच हीटर बंद करतो. यंत्र धडधाकट होतं. गाडी बांधताना कापाकापीचा कचरा कोणी उचलला नव्हता, एवढंच.

बाबा, तुम्ही विचारलंत की असं काम करणारी माणसं कशी असतील. गाडी दुरुस्तीला घेऊन आम्ही कंपनीच्या गावाकडे गेलो होतो, तिथे ती माणसं भेटली. इंडियाना राज्यातली एल्कहार्ट काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा. अमेरिकेत बनणाऱ्या असल्या गाड्यांपैकी, म्हणजे मोटारहोम आणि मोटारीमागे ओढायची चाकांवरची घरं धरून, दहातल्या आठ तरी इंडियानात तयार होतात, आणि त्यातल्या बहुतेक याच काउंटीत आणि तिच्या आसपास. कामगारांत आमिश लोक पुष्कळ. हे लोक धर्माच्या शिस्तीमुळे स्वतःची मोटार बाळगत नाहीत. गावात घोड्याच्या बग्गीने फिरतात आणि कारखान्यात भाड्याच्या व्हॅनमधून येतात. सुतारकामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. त्याच गावातल्या एका दुकानात मी त्यांनी केलेलं टेबल पाहिलं, त्याच्या सांध्यात नख शिरलं नसतं. त्यामुळे हातांना दोष द्यायला माझं मन धजत नाही.

दुरुस्ती विभागात एक वयस्कर गृहस्थ होते, अनेक वर्षं लाईनवर काम केलेले. त्यांनी सांगितलं त्यातून मला उलगडा झाला. तिथे बहुतेक ठिकाणी मजुरी नगावर मिळते. दिवसाच्या ठरलेल्या गाड्या झाल्या की सुट्टी. पहाटे कामाला लागायचं आणि दुपारी लवकर घरी, म्हणून तरुण मुलं पळत काम करतात. एखाद्याला खिडकीखालची पट्टी अपुरी दिसली आणि तो ती नीट करायला थांबला, तर त्याच्या मागचे सगळे थांबतात आणि सगळ्यांची कमाई खोळंबते. चूक बघून थांबणाऱ्याला कोणी शाबासकी देत नाही. तुमच्याकडे महिन्याचा पगार होता, युनियन होती, आणि तीच बस आपल्याच डेपोत, आपल्याच माणसांकडे दुरुस्तीला परत यायची. इथे गाडी दारातून बाहेर पडली की ती डीलरची, आणि मग आमच्यासारख्यांची.

त्यात धंद्याची भरती-ओहोटी भयंकर. २००९ साली देशभरात अशा सगळ्या प्रकारच्या मिळून जेमतेम एक लाख पासष्ट हजार गाड्या निघाल्या. त्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष ओबामा एल्कहार्टला गेले, तेव्हा तिथली बेरोजगारी पंधरा टक्क्यांच्या वर होती. पुढे करोनात लोकांना हॉटेल आणि विमान नको झालं, आणि २०२१ मध्ये सहा लाखांवर गाड्या बाहेर पडल्या, आजवरचा उच्चांक. २०२३ मध्ये आकडा पुन्हा सव्वातीन लाखांच्याही खाली. मागणी वाढली की मिळेल त्याला कामावर घ्यायचं, घटली की घरी पाठवायचं. अशाने कारागीर तयार कसा होणार? हा प्रश्न मला मालकांना विचारायचा आहे, त्या पोरांना नाही.

आता परत करण्याचं. बाबा, ग्राहक पंचायतीसारखं तिथे कोणी नाही का, असं तुम्ही म्हणालात. कायदा आहे, पण तो या गाड्यांपाशी येऊन अडखळतो. सदोष मोटार परत घ्यायला लावणारा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. जिथे या गाड्या बनतात, त्या इंडियानाच्या कायद्यात मोटारहोम सरळ वगळलेलं आहे. आमच्या ओहायोच्या कायद्यात मोटारहोम येतं, पण त्यातली स्वयंपाकाची, अन्न थंड ठेवायची आणि झोपायची कायमची सोय सोडून. चासीत वारंवार दोष निघाला तर दाद मागता येते. आमची चासी उत्तम आहे, आणि गळतं ते नेमकं पलंगावर. केंद्राचा १९७५ चा वॉरंटी कायदा आहे, त्याखाली वकिलामार्फत भांडता येतं. आम्ही एका वकिलाशी बोलून ठेवलं आहे. तो म्हणाला, आधी कंपनीला दुरुस्तीची पुरेशी संधी द्या आणि प्रत्येक गोष्टीचा कागद ठेवा.

वॉरंटीही एक नाही. इंजिन आणि चासीची फोर्डकडे, घराच्या भागाची बांधणाऱ्या कंपनीकडे, फ्रीजची फ्रीजवाल्याकडे, हीटरची हीटरवाल्याकडे. घराच्या भागाची एकच वर्षाची, आणि सांधे ठरावीक काळाने तपासले नाहीत तर गळतीची तक्रार नाकारता येईल अशी त्यात अट. दाराजवळ उद्योगसंघटनेचा लंबगोल शिक्का आहे. मला आधी वाटलं होतं की तो कामाच्या दर्जाचा असेल. तो आग, गॅस, वीज आणि नळकाम यांच्या सुरक्षा-नियमांपुरता आहे. चौकटीखाली पट्टी घातली की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणून मी एक वही केली आहे. प्रत्येक दोषाचा फोटो, तारीख, कोणाशी बोलले, काय म्हणाले. डीलरकडे गेलं की आमची तक्रार आमच्याच शब्दांत कामाच्या पावतीवर लिहून घेतल्याशिवाय किल्ली देत नाही. "आम्हाला दोष आढळला नाही" असं त्यांनी लिहिलं तरी त्याची प्रत घेते, कारण उद्या तोच दोष पुन्हा निघाला तर ती प्रतच उपयोगी पडेल. तपासनीसाचा अहवाल आणि बुडबुड्यांचा व्हिडिओ मी थेट कंपनीला पाठवला. त्यानंतर त्यांचा सूर बदलला. वरून सीलंट फासून चालणार नाही, खिडकी पूर्ण काढून, आतलं लाकूड वाळवून, लागेल तिथे बदलून, नवी पट्टी घालून बसवू, असं त्यांनी लेखी दिलं आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी तिकडे न्यायची आहे. गॅसच्या सैल नटाची तक्रार मी केंद्राच्या वाहन-सुरक्षा खात्याकडेही नोंदवली. दुसऱ्या कुणाच्या गाडीतही तसंच नट असेल, तर ते कुणाला तरी कळायला हवं.

छताचे बाकीचे सांधे मंदार आणि मी स्वतः करतो आहोत. जुनं सुटलेलं सीलंट खरवडायचं, जागा स्पिरिटने पुसायची, आणि आपोआप पसरणारं खास छताचं सीलंट सोडायचं. सिलिकॉन नाही, त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. ईशान खालून सामान देतो. त्याला आजोबांचं काम काय होतं ते आता समजायला लागलं आहे, आणि तो तुम्हाला विचारायचे प्रश्न लिहून ठेवतो.

बाबा, माझाही एक प्रश्न आहे. दादाच्या फोनवर मी पुढच्या कोपऱ्याचे फोटो पाठवले आहेत. चौकटीच्या वरची जी आडवी पट्टी आहे, तिचे स्क्रू फायबरग्लासमधून थेट आतल्या लाकडात गेले आहेत, आणि त्यातल्या दोन स्क्रूंना ओलीचा डाग आहे. कंपनी म्हणते लाकूड चांगलं आहे. तुम्ही असतात तर ते लाकूड ठेवलं असतं की बदललं असतं? जुलैच्या आधी कळवा, म्हणजे मी तिथे उभी राहून तेवढं करून घेईन.

तिकिटं बदलू नका. दुरुस्तीनंतर पुन्हा तोच तपासनीस बोलावणार आहे. ओलीचं यंत्र कोरडं दाखवलं तरच आपण मिशिगनला गाडीतून जाऊ, मॅकिनॉचा पूल ओलांडून लेक सुपीरियरपर्यंत. नाही दाखवलं तर आपल्या साध्या मोटारीतून जाऊ आणि वाटेत खोल्या घेऊ, त्याही बघून ठेवल्या आहेत. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी गाडीच्या पायरीला हातात धरायची दांडी मंदारने आधीच बसवली आहे, आणि तिचे स्क्रू सांगाड्याच्या लोखंडात आहेत. तुझ्या बीपीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आण, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेव.

बाबांचं उत्तर दादाला लिहून पाठवायला सांगा, फोनवर सांगितलंत तर मी टिपून घेईन.

तुमची,
मधुरा