आधी चांगला पाय हातात घेतलात

डॉक्टर मॅडम,

आज सकाळी आमचा कुत्रा सोन्या उठला तेव्हा त्याचा सतत चाटून ओला असणारा पुढचा डावा पाय कोरडा होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा. तेव्हाच ठरवलं, पत्र लिहायचं आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं.

तुमच्याआधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. एकीकडे टेबलावर चढवायच्या आतच निदान झालं, "कंटाळलाय, सवय लागलीय." दुसरीकडे चाटता येऊ नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन आणि कडू मलम. कोन काढला की पुन्हा चाटणं सुरू. मनगटावरची रुपयाएवढी जागा जाड, लाल, ओली होत गेली, भोवतीचे फिकट केस लाळेनं तांबूस पडले. मी किती ओरडले त्याच्यावर! नऊ वर्षांचा लॅब्रेडॉर, कान पाडून कोपऱ्यात जायचा आणि तिथं चाटत बसायचा. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

तुम्ही जखमेला हातच लावला नाहीत. आधी उजवा, चांगला पाय हातात घेतलात, मनगट हळूच दुमडून पाहिलंत, अंगठ्यानं कुरवाळत राहिलात. इतके दिवस जो तो थेट दुखऱ्या पायाकडे झेपावत होता, मीसुद्धा. मग तुम्ही डावा पाय धरलात आणि त्यानं तो ओढून घेतला नाही. तो उजव्याइतका दुमडत नाही, हे तिथंच दिसलं. एक्स-रेत संधिवात निघाला.

आत दुखतं म्हणून वरून चाटायचं, चाटल्यानं घटकाभर बरं वाटतं, पण कातडी सोलवटते, जंतू खोल शिरतात, ठणका वाढतो, की पुन्हा चाटणं. हे चक्र तुम्ही समजावलंत. कुणाला अ‍ॅलर्जी असते, कुणाला पिसवा, कुणाला खरोखर एकटेपणा. पण 'सवय' हा शब्द बाकी सगळं तपासून झाल्यावरच वापरायचा, असंही म्हणालात. तो शब्द आम्हाला पहिल्याच मिनिटाला ऐकवला गेला होता.

बाहेर रांग होती. आमच्यानंतर शेळी घेऊन आलेल्या आजोबांशीही तुम्ही तितक्याच सावकाश बोलत होतात. माणुसकी म्हणतात ती हीच असावी, मुक्या जिवाला आणि त्याच्या माणसाला सारखाच वेळ देणारी.

जंतूंच्या गोळ्या अजून काही आठवडे आहेत, चुकवणार नाही. फरशीऐवजी आता आईच्या गोधडीवर झोपतो. काल रात्री ती चपचप ऐकू आली नाही म्हणून दोनदा उठून पाहिलं. गाढ झोपला होता.

तुमची,
सोन्याची आई