‘अठरा इंची’ एवढ्यावर न थांबणाऱ्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ, स. न. वि. वि.

नाव टाकत नाही. ‘नावगिव काही नको जी’ असं तुम्हीच बजावलंत. पण आभार तर मानायचेच आहेत, म्हणून हे उघड पत्र.

नागपुरात चेनसॉची, म्हणजे लाकूड कापायच्या मशीनची, चेन मागायला गेलं की काउंटरवरून एकच प्रश्न येतो, ‘किती इंची?’ अठरा म्हटलं की खोकं पुढ्यात. तुमच्याआधीच्या एका दुकानात तर वर ऐकवलं, ‘अठरा म्हणजे अठरा, त्यात काय मोजायचं?’ आता बार म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती पट्टी, आणि पिच म्हणजे चेनच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटमधल्या अंतराचं निम्मं, इंचात. अठरा इंची बार ०.३२५ पिचचा असला तर त्याला साधारण ७२ ड्राइव्ह लिंकची चेन लागते, आणि ३/८ लो-प्रोफाइलचा असला तर ६२ च्या आसपास. ड्राइव्ह लिंक म्हणजे चेनच्या पोटाचे, बारच्या खाचेत फिरणारे दात. चुकीच्या पिचची चेन खाचेत बसल्यासारखी दिसते. घोळ होतो गरारीवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर. तिच्या घरांशी दात जुळत नाहीत, चेन उड्या मारते, ड्राइव्ह लिंकच्या कडा फुलतात आणि मग ती खाचेतून ओढून काढणंही मुश्कील. अशी चेन परत न्या, उत्तर ठरलेलं: ‘तुम्ही नीट बसवली नसेल.’

तुम्ही इंच विचारलेच नाहीत. जुनी चेन खिळ्याला टांगलीत, एका दाताला खडूचा ठिपका दिलात आणि बोटाने मोजत मोजत ठिपक्यावर परत आलात. बहात्तर. मग उलट्या बाजूने पुन्हा. बहात्तर. मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्यातलं एक चांगलंच गुरकावत होतं; तुम्ही मान वर केली नाहीत. पहिल्या रिव्हेटच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत साडेसोळा मिलिमीटर, त्याचं निम्मं सव्वाआठ, म्हणजे ०.३२५ इंच. दाताची जाडी व्हर्नियरने १.५ मिलिमीटर. बारवरचे पुसट आकडे चिंधीने घासून त्याच्याशी ताडून पाहिलेत. इथवर कसबी माणूस करतोच म्हणा. पण नंतर तुम्ही पेंट मार्कर घेतलात आणि तिन्ही आकडे कव्हरच्या आतल्या बाजूला लिहून दिलेत. म्हणालात, ‘पुढच्या वेळी माझ्याकडंच यायला पाहिजे असं थोडी आहे.’

भाऊ, गिऱ्हाईक बांधून ठेवायचे शंभर मार्ग धंद्यात आहेत. गिऱ्हाईक मोकळं करणारा दुकानदार विरळाच.

बसवायच्या वेळी तुम्ही जे दाखवलंत, तेही इथं येऊ द्या. वाचणाऱ्यातल्या कुणाच्या तरी कामी येईल. आधी स्पार्क प्लगची टोपी काढायची. मग ब्रेकचा दांडा मागे हँडलकडे ओढून ब्रेक सोडायचा, त्यानंतरच कव्हरचे नट. ज्या मशीनमध्ये ब्रेकची पट्टी कव्हरमध्येच असते, तिथे ब्रेक लागलेला राहिला तर पट्टी आवळलेलीच राहते, कव्हर पुन्हा क्लचच्या डब्यावर चढत नाही, आणि लोक हातोडी शोधायला लागतात. बारची खाच पातळ पत्रीने खरवडायची, तेलाचं भोक मोकळं करायचं, बार उलटा करून लावायचा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. वरच्या बाजूला कापणाऱ्या दातांचं तोंड बारच्या टोकाकडे. उलटी बसलेली चेन नुसती घासते, धूर काढते, आणि बोल इंजिनला लागतो.

ताण देताना बारचं टोक वर उचलून धरायचं, हे तर कितीतरी जुन्या हातांनाही ठाऊक नसतं. टोक उचलूनच नट आवळायचे. हातमोजा घालून चेन मधोमध ओढली तर दात खाचेतून पुरते बाहेर येऊ नयेत, सोडली की टचकन बसावी, आणि हाताने बारभर सहज फिरावी. नवी चेन पहिल्या काही मिनिटांतच सैल पडते, तेव्हा थांबून पुन्हा ताण बघायचा. गरम असताना आवळली असेल तर काम संपल्यावर सैल करून ठेवायची. थंड होताना ती आखडते आणि सगळा जोर क्रँकच्या बेअरिंगवर येतो. नवतप्यातल्या आपल्या उन्हात तर हे विसरूच नये.

तेलाचंही तेच. बारच्या टाकीत गॅरेजचं जळकं ऑइल ओतायची आपल्याकडे सर्रास सवय. त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो, चिकटपणा गेलेला असतो. चेनही खातं आणि तेलाचा पंपही. तुम्ही बारच्या टोकापुढे पांढरा पुठ्ठा धरून मशीन पळवलीत. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली, तेव्हाच पैशाला हात लावलात.

आणि गरारी. दोन-तीन चेनमागे एक गरारी, हा हिशेब माहीत असल्याने नवीन घ्यायची तयारी होती. तुम्ही दातावरच्या खुणेत नख फिरवलंत. ‘अर्धा मिलिमीटर झाली की घ्या. अजून नाही झाली.’ विकता आली असती.

ज्याच्यासाठी ही चेन घेतली, तो कडुनिंबाचा आडवा ओंडका आता कापून झाला आहे. खाली पिठासारखा भुसा नाही, जाडसर ढलप्या पडल्या आहेत, म्हणजे चेन नीट कापते आहे. तुम्हाला तेवढं सांगितलं की पुरे.

आपलं एक गिऱ्हाईक,
०.३२५, १.५, ७२