सूचना : चिलखताचे कमरपट्टे रविवारी शिवायचे आहेत

१९ फेब्रुवारीच्या शिवजयंती मिरवणुकीत मावळ्यांच्या वेशात चालणाऱ्या सर्वांनी येत्या रविवारी सकाळी १० वाजता मंडळाच्या कार्यालयात यावे. शिलाई मशीन तिथे आहे.

येताना आणा :
• ३ इंची नवार आणि साडेसात इंच रुंद जाड कॅनव्हासची पट्टी. साटीन नको, दिसतं छान पण तासाभरात चुरगळतं.
• कमरेचं माप. ते अंगात चिलखत घालूनच घ्या, नुसत्या सदऱ्यावर घेतलेलं चालणार नाही. त्यावर ८ इंच जास्त धरा.
• लोखंडी बक्कल. वेलक्रो तलवारीच्या ओढीने सुटतो.

कापड नवारीवर गुंडाळून दोन्ही कडांना टीप मारायची. बक्कलपाशी चौकोन शिवून त्यात फुली घालायची. सगळा ताण तिथेच येतो. १८ नंबरची सुई लावा, बारीक सुई एवढ्या थरांत मोडते. चिलखताचा बराचसा भार खांद्यावरून कमरेवर उतरवण्याचं काम हा पट्टा करतो, त्यामुळे तो सैल ठेवू नका.

शिवता येत नसेल तरी या, कापायला आणि टाचण्या लावायला माणसं लागतातच. पट्टा नसलेल्याला मिरवणुकीत तलवार मिळणार नाही.

— वेशभूषा समिती