पेडल घेण्याआधी वाट बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत माउंटन बाइकवर आलेल्या लेखात नव्या माणसाला थेट क्लिपलेस पेडल बसवून घ्यायला सांगितलं आहे. बुटाच्या तळाला लोखंडी क्लीट म्हणजे छोटा तुकडा, ती पेडलच्या जबड्यात अडकलेली (नाव क्लिपलेस असलं तरी बोलताना सगळे याला क्लिपच म्हणतात), त्यामुळे पाय वर येतानाही जोर लागतो आणि चढ सोपा होतो, असा त्यामागचा हिशेब. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाटांसाठी हा सल्ला चुकीचा आहे, आणि पावसाळ्यात तर धोक्याचा.

आधी जोराचं बघू. बसून एकसारखं पेडल मारताना कसलेला सायकलपटूही मागचा पाय वर खेचत नाही. फार तर त्या पायाचं ओझं पुढच्या पायावर पडू देत नाही. खरा जोर पाय खाली दाबतानाच लागतो, आणि तो सपाट, म्हणजे फ्लॅट पेडलवरही तितकाच लागतो. मुद्दाम वर खेचत राहिलं तर तेवढ्याच कामाला दम जास्त लागतो, हे प्रयोगशाळेत मोजून झालेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज ही माउंटन बाइकची जागतिक शर्यत-मालिका जिंकली ती फ्लॅट पेडलवर. उलट ऑलिम्पिकच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत जवळजवळ सगळे क्लिप लावूनच उतरतात. तेव्हा भारी कोण, हा वाद इथेच सोडलेला बरा.

क्लिपचा खरा फायदा वेगळा आहे. खडबडीत जागी पाय पेडलवरून उडत नाही आणि तासन्‌तास एकाच ठिकाणी राहतो. किनाऱ्यालगतच्या सागरी मार्गाने दापोलीहून मालवणपर्यंत जाणाऱ्याला, खाडीत उतरायचं आणि लगेच पुढचा चढ चढायचा असं दिवसभर करायचं असतं, त्याला हे सुख कळतं. कोरड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, वेगात जाणाऱ्यालाही. पण पेडल घेण्याआधी प्रत्येकाने स्वतःला एवढंच विचारावं, की माझ्या वाटेवर तासाभरात पाय किती वेळा खाली टेकतो, आणि कशावर?

गावातून सड्यावर जाणारी कुठलीही वाट घ्या. घरांमधून पाखाडीच्या पायऱ्या, मग दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) जेमतेम हँडल मावेल एवढी पाणंद, मध्ये व्हाळ (ओढा), त्यावर साकव, पुढे कुणाच्या तरी आगराचं बेडं (फाटक). दर पाच-दहा मिनिटांनी उतरावं लागतं, सायकल उचलावी लागते. जांभ्याच्या पायरीला पावसात शेवाळ धरायला वेळ लागत नाही. माउंटन बाइकच्या बुटात क्लीट रबरात आत बसवलेली असते हे खरं, पण तळ झिजला की तीच आधी जमिनीला लागते, आणि शेवाळावर स्टीलला काही धरच नाही. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी उतारावर असे बूट घालून सायकल ढकलणारे लोक बघितले की भीतीच वाटते.

दुसरी अडचण तांबड्या मातीची. पाय टेकला की चिखल क्लीटच्या खोबणीत दाबून बसतो. पुन्हा अडकवायला जावं तर पेडल पकडत नाही, किंवा अर्धवट पकडतं. हे अर्धवट पकडणं जास्त वाईट, कारण उभं राहून जोर दिला की पाय एकदम सुटतो आणि माणूस सायकलच्या दांड्यावर आदळतो. सड्यावरची वाटाण्याएवढी जांभ्याची खडी तर खोबणीत अशी रुतते की स्क्रूड्रायव्हरने उकरल्याशिवाय निघत नाही. चारही बाजूंनी अडकणारी, अंडं फेटायच्या रवीसारखी दिसणारी पेडलं मिळतात, त्यांत चिखल कमी साठतो. मात्र त्यांची क्लीट पितळेची असते आणि ती आपल्या खडीवर चालून स्टीलपेक्षा लवकर झिजते.

म्हणून माझं मत असं. पहिलं वर्षभर फ्लॅट पेडल, आणि पावसाळ्यात नेहमीच फ्लॅट. पण फ्लॅट म्हणजे सायकलबरोबर फुकट येणारं गुळगुळीत प्लास्टिकचं पेडल नव्हे. पेडलचा माथा साधारण दहा सेंटिमीटर लांब-रुंद असावा, मध्यभाग कडांपेक्षा किंचित खोल असावा, आणि प्रत्येक बाजूला आठ-दहा धातूच्या पिना असाव्यात. पिना सुट्या, बदलता येणाऱ्या हव्यात. पेडलमध्येच ओतलेले दाते नकोत. जांभ्याच्या चिऱ्यावर पेडल आपटणारच आणि पिनेचं डोकं चेपणारच. उलट्या बाजूने बसवलेली पिन असेल तर डोकं चेपलं तरी ॲलन की (षटकोनी चावी) मागून लावून ती काढता येते. वरून बसवलेली पिन मात्र पक्कडीनेच ओढावी लागते. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी नायलॉनच्या बॉडीचं पेडल घ्यावं. ते ॲल्युमिनियमपेक्षा स्वस्त असतं, खारी हवा त्याला खात नाही आणि दगडावर आपटून घासत पुढे सरकतं.

पेडलएवढाच बूट महत्त्वाचा, आणि इथे बहुतेक जण चुकतात. धावण्याच्या बुटाचा फोमचा जाड तळ पिनेखाली दबतो, पाय पेडलवर डुलत राहतो. ट्रेकिंगच्या बुटाच्या खोल खाचांमध्ये पिना अधांतरी राहतात. तळ सपाट, नक्षी उथळ आणि रबर मऊ, असा बूट हवा. फ्लॅट पेडलसाठीचे खास बूट महाग असतात. ते परवडत नसतील तर सपाट रबरी तळाचा कॅनव्हासचा बूट चालतो, लवकर वाळतो हा वरचा फायदा. पाय ठेवताना चवड्याचा उंचवटा पेडलच्या आसाच्या किंचित पुढे येऊ द्यावा. उतारावर टाचा खाली सोडाव्यात, म्हणजे धक्का बसला की पाय पेडलवर आणखी दाबला जातो. टाचा वर आणि बोटांवर भार असेल तर कितीही पिना असोत, पाय उडणारच. क्लिपवर शिकलेला माणूस सायकल उडी मारून ओंडक्यावरून न्यायची म्हणजे दोन्ही पायांनी वर खेचतो. फ्लॅटवर ते चालत नाही. तिथे बोटं खाली वळवून पेडलला मागे-वर रेटावं लागतं, आणि एकदा ते जमलं की दोन्ही पेडलांवर जमतं.

फ्लॅटचाही एक दोष आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पाय घसरला की पिना नडगीवर ओरखडे काढतात, कधी खोल. नडगीला गार्ड बांधावा. आपल्याकडे भातखाचरांच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असते. त्याचा जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून चिखलपाण्यात येतो आणि उघड्या जखमेतून अंगात शिरतो. तेव्हा नडगी फाटलेली असताना व्हाळातून सायकल ढकलू नये. जखम साबणाने धुवावी, झाकावी, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्यावं, आणि पुढच्या काही दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना जखमेचं आणि चिखलाचं आवर्जून सांगावं.

आता ज्यांना क्लिप घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी. शिमानो या जपानी कंपनीच्या एसपीडी नावाच्या क्लिप पद्धतीत दोन तऱ्हेच्या क्लीट मिळतात. एसएच ५१ ही फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. एसएच ५६ ही वळवल्यावर सुटतेच, शिवाय जोराने तिरपी वर ओढली तरी सुटते. नव्याने दुसरीच घ्यावी. पेडलच्या जबड्याची पकड कमी-जास्त करायला तीन मिलिमीटरच्या ॲलन कीचा स्क्रू असतो. दोन्ही पेडलांच्या दोन्ही बाजू धरून असे चार स्क्रू होतात, आणि चारही वजा खुणेकडे पूर्ण सैल करून सुरुवात करावी. एकच सैल आणि बाकीचे घट्ट राहिले तर ऐन वेळी कोणती बाजू वर येईल ते सांगता येत नाही.

क्लीटच्या बोल्टला ग्रीस लावून, चार मिलिमीटरच्या कीने, पाच ते सहा न्यूटन-मीटर एवढं आवळावं, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासावं. हे तपासणं टाळू नका. बोल्ट ढिला झाला, किंवा दोनांतला एक पडला, की टाच वळवल्यावर क्लीट बुटाखाली नुसती फिरते आणि जबड्यातून सुटतच नाही. तसं झालंच तर बुटाची लेस सोडून पाय बाहेर काढावा, बूट पेडललाच राहू द्यावा.

क्लीट किंचित तिरकी बसली की काही दिवसांत गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखू लागतं. दुखणं मुरू न देता क्लीट एक-दोन मिलिमीटर सरकवून बघावी. बुटाचा तळ बदलला म्हणून सीटची उंचीही पुन्हा लावावी लागते. सवय करायला भात कापून झालेला मळा उत्तम. आधी भिंतीला टेकून प्रत्येक पाय वीस-तीस वेळा अडकवा-सोडवा, मग चालत्या सायकलवर. पाय खाली आलेला असताना टाच बाहेर वळवायची, आणि सायकल थांबल्यावर नव्हे, थांबायच्या आधी. बहुतेक जण पडतात ते वेगात नाही. चढावर सायकल जागच्या जागी थांबते तेव्हा, एका अंगावर.

पेडल कोणतंही असो, खारी हवा सगळ्यांना सारखीच. पेडलचा आस स्टीलचा, क्रँक (पेडल ज्यात बसतं तो दांडा) ॲल्युमिनियमची. मिठाच्या ओलीत दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. पावसाळ्याआधी आणि नंतर पेडल काढून आटे पुसून नवं ग्रीस लावावं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घोटाळा नको म्हणून एवढं लक्षात ठेवा, की पंधराचा पाना उभा लावला की मागच्या चाकाकडे ओढल्यावर दोन्ही पेडलं सैल होतात, पुढे ढकलल्यावर घट्ट होतात. बसवताना पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्यावेत. पान्याने सुरुवात करणारा क्रँकचे आटे खातो, आणि मग नवा क्रँक किंवा आट्यांना बुश बसवण्याचा खर्च येतो. किनाऱ्यावरच्या वाळूतून आल्यावर पेडल गोड्या पाण्याने धुवावं, पण प्रेशरच्या फवाऱ्याने नाही, तो बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढतो. क्लिपच्या स्प्रिंगवर तेलाचा थेंब टाकून जास्तीचं तेल पुसून टाकावं.

सड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बारसू, कशेळी, देवीहसोळ, उक्षी इथली कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ती जमिनीलगत कोरलेली असल्यामुळे गवत वाढलं की पटकन दिसत नाहीत. क्लीट घातलेल्या पायांनी त्यांवर चालू नये, पिनांचं पेडल खाली करून सायकल त्यांवर आडवी टाकू नये.

आणि दुकानदारांना एक विनंती. क्लिपलेस पेडल विकताना गिऱ्हाइकाला क्लीटचे दोन जादा बोल्ट द्या. तालुक्याच्या गावात ते मिळत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला पाच मिलिमीटरचा बोल्ट आट्यांत बसतो, पण त्याचं डोकं उंच असल्यामुळे क्लीट पेडलच्या जबड्यात पूर्ण उतरत नाही, आणि लांबी जास्त असली तर टोक बुटाच्या आत तळपायाला टोचतं.

कळावे,
आपला,
सायकली दुरुस्त करणारा एक वाचक, राजापूर