कंट्रोल-एस म्हणजे सगळीकडे 'सेव्ह' नव्हे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शिक्षणाच्या पानावर परवा 'परीक्षेआधी पाठ करा' अशी कीबोर्ड शॉर्टकटची चौकट आली होती. कंट्रोल-सी कॉपी, कंट्रोल-व्ही पेस्ट, कंट्रोल-एस सेव्ह, कंट्रोल-झेड अनडू. खाली ठळक अक्षरांत 'हे सर्व प्रोग्राममध्ये चालतात'. कुणीतरी ती कापून आमच्या लॅबच्या नोटीस बोर्डावर लावली. मी ती काढली. का काढली ते सांगायला हे पत्र.

मी एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहे. १८ वर्षं झाली. शिकवणं माझं काम नाही. मशीन चालू ठेवायची, जर्नल मोजून घ्यायची, डेडस्टॉक रजिस्टर जुळवायचं. पण कुणाचा कीबोर्ड 'अडकला' की हाक मलाच येते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. एका मुलाने टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, कॅट कमांड (टाइप केलेलं फाइलमध्ये उतरवणारी) देऊन फाइल भरायला घेतली. चार ओळी झाल्या आणि सवयीने त्याने कंट्रोल-एस दाबलं. पडदा थिजला. "मॅडम, कीबोर्ड मेला." मी टेबलाखाली शिरून दुसरा लावला. तोही मेलेला. एक्स्टर्नल परीक्षक घड्याळ बघत होते. शेवटी ती खिडकी बंद केली, मुलाला शेजारच्या मशीनवर बसवलं, त्याने पहिल्यापासून लिहायला घेतलं आणि त्याला वेळ पुरला नाही.

दोन्ही कीबोर्ड धडधाकट होते. त्याने मशीनला 'थांब' म्हटलं होतं आणि ते थांबलं होतं, एवढंच. कंट्रोल-क्यू दाबलं असतं तर सगळं जिथल्या तिथे चालू झालं असतं. काही महिन्यांनी हे मला निवृत्तीला आलेल्या एका सरांनी सांगितलं. त्या मुलाला सांगायला तो तोवर कॉलेजात राहिला नव्हता.

टर्मिनलची काळी खिडकी ही एका जुन्या यंत्राची नक्कल आहे. १९७८ साली अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी-१०० नावाचं टर्मिनल काढलं. समोर पडदा आणि कीबोर्ड, खरा संगणक दुसरीकडे, मध्ये तार. त्या तारेतून कळ जात नसे, अक्षराचा ठरलेला आकडा जाई. आजची खिडकी तसंच वागते. कुठली कळ दाबली, सोबत शिफ्ट होतं का, बोट कधी उचललं, हे सगळं खिडकीला कळतं. पण प्रोग्रामला द्यायची वेळ आली की ती बाकीचं गाळून नुसते आकडे पुढे ढकलते.

कंट्रोलचा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवते. मोठ्या एसचा आकडा ८३. कंट्रोल धरलं की त्यातून ६४ वजा, उरले १९. एमचे ७७, वजा ६४, उरले १३, आणि १३ म्हणजेच एंटर. आयचे ९ उरतात, तो टॅब. म्हणून साध्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-एम आणि एंटर यांतला फरक प्रोग्रामला सांगताच येत नाही. बाणाच्या कळीला तर स्वतःचा आकडाच नाही. वरचा बाण दाबला की तीन आकडे एकापाठोपाठ जातात: एस्केपचा, चौकटी कंसाचा आणि मोठ्या एचा. कॅट चालू असताना बाण दाबला की पडद्यावर टोपी (^), दोन कंस आणि ए उमटतात. दर वर्षी कुणीतरी 'व्हायरस आला' म्हणून मला बोलावतं.

वाटेत लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, एक नाकेदार बसलेला असतो, टीटीवाय. काही आकडे तो स्वतःच ठेवून घेतो. ३ आला, म्हणजे कंट्रोल-सी, की चालू प्रोग्राम बंद करायचा इशारा देतो. तुमच्या चौकटीतली 'कॉपी' ती हीच! (कॉपीसाठी उबुंटू या लिनक्सच्या टर्मिनलमध्ये शिफ्टही धरावं लागतं.) २६ आला की प्रोग्राम बाजूला सारून थांबवतो. गेल्या वर्षी एक मुलगी अनडू करायला गेली आणि तिचा व्हीआय, म्हणजे फाइल लिहायचा प्रोग्राम, पडद्यावरून गायब झाला. घाबरून तीच फाइल पुन्हा उघडली तर स्वॅप फाइलची, म्हणजे ती आधीच उघडी असल्याची, सूचना. एफजी (थांबवलेला प्रोग्राम परत आणणारी कमांड) लिहून एंटर, एवढंच करायचं होतं. आणि १९ आला की पडद्यावर जाणारा मजकूर अडवायचा, १७ आला की सोडायचा. हे दोन आकडे टेलिटाइपच्या, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या टाइपरायटरच्या, जमान्यातले, कागदी पट्टी वाचणारं यंत्र थांबवायला आणि चालू करायला ठेवलेले. पट्टी गेली, आकडे राहिले.

गोठलेल्या पडद्यामागे अक्षरं आत जातच असतात, हे मुलांना पटत नाही. वैतागून दाबलेली प्रत्येक कळ कंट्रोल-क्यू केलं की धबधब्यासारखी समोर येते.

आता आपल्या मराठीचं. कॅट चालू करून 'पुणे' लिहा. मग विचार बदलला म्हणून दोनदा बॅकस्पेस दाबा. पडदा कोरा. तिथे 'सांगली' लिहून फाइल पूर्ण करा आणि उघडून बघा. आत 'पुसांगली' असतं. आमच्या लॅबमध्ये या गावाचं नाव प्रसिद्ध आहे. प, उकार, ण आणि एकार अशी 'पुणे'ची चार चिन्हं. पडद्यावर मात्र जागा दोनच, कारण उकार खाली आणि मात्रा वर बसते. नाकेदार एका बॅकस्पेसला एक चिन्ह काढतो आणि पडद्यावर एक घर मागे सरकतो. पहिल्या बॅकस्पेसला आतून फक्त मात्रा गेली, पण पडद्यावरून अख्खा 'णे' पुसला. दुसऱ्याला ण गेला आणि पडदा रिकामा दिसला. 'पु' आत तसाच. इंग्रजी अक्षराला एक चिन्ह, एक घर, म्हणून हा घोळ इंग्रजी लिहिणाऱ्यांना दिसतच नाही. बॅशच्या (टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रॉम्प्टवर आपण फसत नाही, कारण तिथे बॅश स्वतः हिशेब ठेवतो. पण विद्यार्थ्यांची नावं मराठीत भरून घेणारी साधी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) कुणी लिहिली, तर त्यात किती 'पु' शिरतील, सांगा.

टर्मिनल टाकाऊ आहे असं मला म्हणायचं नाही. नवी टर्मिनलं सुधारताहेत. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने केलेल्या किटी टर्मिनलने कळीची पूर्ण माहिती पाठवायची पद्धत आखली आहे, आणि प्रोग्रामने मागितली तर एंटर आणि कंट्रोल-एम वेगळे कळतात. आमच्या लॅबमध्ये ते यायला वेळ आहे. आमच्याकडे नवा माउस यायलाही दोन सह्या लागतात.

तेव्हा विनंती अशी, की चौकटीची दुरुस्ती त्याच पानावर आणि त्याच आकारात छापावी. एवढीच वाक्यं पुरेत: 'टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस दाबू नये. दाबलं गेल्यास कंट्रोल-क्यू दाबावं. कीबोर्ड बदलू नये.' ती मी नोटीस बोर्डावर लावीन. पिना माझ्याकडे आहेत.

आपली नियमित वाचक,
एक प्रयोगशाळा सहायक, मिरज
(नोकरीत असल्याने नाव छापू नये.)