फोटो न काढल्याबद्दल आभार

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव मला ठाऊक आहे, पण या पत्रात ते मी मुद्दाम लिहीत नाही. ज्या माणसाने आमच्या घरात स्वतःचा एक फोटोसुद्धा काढू दिला नाही, त्याचे नाव चारचौघांत जाहीर करणे मला बरे वाटत नाही. माझी आई तुम्हाला ‘तो चष्मेवाला मुलगा’ म्हणते. तुमची साठी उलटून गेली असावी. पण आई ८१ वर्षांची आहे, तिच्या हिशेबाने तुम्ही मुलगाच.

मे महिन्यात आई मोरीच्या कट्ट्यापाशी घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. घरी सोडताना मात्र सांगण्यात आले, की पाठीकडून वर उचलता येणारा पलंग लागेल, हवेची गादी लागेल, आणि दर २ तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील. आमची खोली लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, १० बाय १२ची. संडास गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. असा पलंग विकत घेण्याची ऐपत नव्हती, आणि घेतला असता तरी आई हिंडूफिरू लागल्यावर तो ठेवायचा कुठे, हाही प्रश्नच होता.

तुम्ही येण्याआधी मी तीन दारे ठोठावली होती. एका ठिकाणी अर्ज घेतला आणि पुढच्या फेरीत तो अर्ज ज्यांच्याकडे होता त्यांची बदली झाल्याचे कळले. दुसऱ्या ठिकाणी शिफारसपत्र मागितले. तिसऱ्या मंडळाने मदत केली, हे कबूल करायला हवे; त्यांनी वॉकर दिला. पण तो देताना त्यांनी जे केले ते मी अजून विसरू शकलेलो नाही. शस्त्रक्रियेला दहा दिवसही झाले नव्हते. आईला उठवून बसवले, तिच्या गाऊनवर शाल टाकली, मागे फलक धरला आणि आठ-दहा फोटो काढले. तिची कवळी तेव्हा वाटीत होती. संध्याकाळी तो फोटो चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरला, कुणीतरी कौतुकाने तो आईलाच दाखवला आणि त्यानंतर दोन दिवस ती धड बोलली नाही. वॉकरच्या एका पायाला खालचे रबर नव्हते. फरशीवर तो सरकत होता. ते रबर मी आठ दिवसांनी स्वतः बाजारातून आणून बसवले.

त्यामुळे जूनमध्ये तुमच्या रोटरी क्लबच्या रुग्णसाहित्य केंद्रातून पलंग वापरायला मिळेल असे कळले, तेव्हा आनंदापेक्षा मला धास्तीच अधिक वाटली. आता पुन्हा फलक येणार, पुन्हा शाल येणार, असे मी धरूनच चाललो होतो. अनामत रक्कम भरून पावती घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही रोटरॅक्टच्या, म्हणजे रोटरीच्या तरुण शाखेच्या, तीन मुलांना घेऊन टेम्पोतून आलात. पलंग अख्खा जिन्यातून येणे शक्य नव्हते. त्याच्या डोक्याकडची आणि पायाकडची फळी सोडवून, सांगाडा उभा धरून, प्रत्येक वळणावर ‘डावीकडे घे, भिंत सांभाळ’ असे सांगत तुम्ही तो वर चढवलात. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी आपले कपाट घटकाभर आत सरकवले, म्हणून ते निभावले.

पलंग जोडून झाला. आईला आम्ही अलगद त्यावर घेतले. तुम्ही पायाशी बसून हँडल फिरवत होता आणि पाठ किती वर आली की तिला बरे वाटते ते तिलाच विचारत होता. आम्हीसुद्धा तोवर तिला काही विचारायचे सोडून दिले होते, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आले. तेवढ्यात एका मुलाने पिशवीतून क्लबचा फलक काढून उलगडायला घेतला. तुम्ही मान वर करून आईकडे पाहिलेत आणि हळू आवाजात म्हणालात, “गुंडाळून ठेव रे ते. मावशींचे केस विंचरलेले नाहीत.”

मग तुम्ही माझ्या पत्नीला फणी आणायला सांगितलेत आणि त्या तिन्ही मुलांना घेऊन बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिलात, रस्त्याकडे तोंड करून. आत तिने आईचे केस सोडवले. पडल्यापासून त्यांची जी गुंतवळ झाली होती ती निघायला वेळ लागला. आई मध्येच कण्हत होती, मध्येच ‘जरा तेल लाव गं’ म्हणत होती. शेवटी छोटासा अंबाडा बांधून झाला. तुम्ही आत आलात तेव्हा त्या मुलाने बिचाऱ्याने साळसूदपणे विचारले, “आता काढू या का, सर?” त्यावर तुम्ही म्हणालात, “त्यांनी केस फोटोसाठी नाही विंचरले.” आणि पाणी पिऊन निघून गेलात.

पलंगाने आईच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत, त्याचे ऋण आहेच. पण पलंग दुसऱ्या कुठूनही मिळाला असता, उशिरा का होईना. आपल्याकडे पाहुणा आला आहे, आपण नीटनेटके असावे, हे आईला त्या दुपारी पुन्हा वाटू लागले आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून कवळी मागितली. हे कुठल्या केंद्रातून आणता आले असते, मला ठाऊक नाही.

खरे सांगायचे तर तुमच्या क्लबांविषयी माझे मत फारसे बरे नव्हते. वातानुकूलित हॉल, कोट, एकमेकांना पुष्पगुच्छ, अशीच माझी समजूत होती. गेल्या महिन्यात पलंग परत करण्याविषयी विचारायला फोन केला तेव्हा सचिवांनी मंगळवारच्या साप्ताहिक सभेला बोलावले. लोकल रखडल्यामुळे मला सात मिनिटे उशीर झाला आणि दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी हसत हसत २० रुपये दंड मागितला. पाहुण्यांना माफ असतो, हे त्यांनी दंड घेऊन परत करताना सांगितले. अध्यक्षांच्या गळ्यात पदकांची साखळी होती, समोर घंटा होती. पुष्पगुच्छ होते, थोडे जास्तच होते. (ते कमी केलेत तर आणखी एक व्हीलचेअर येईल, असे माझे नम्र मत आहे.)

मागे लावलेल्या चाकाचे, म्हणजे रोटरीच्या बोधचिन्हाचे, दाते मी बसल्या बसल्या मोजले. २४ भरले, आणि आत ६ आरे. हे चाक मी पूर्वी कुठे पाहिले आहे ते तिथे बसल्यावर आठवले. माझा मुलगा लहान असताना पोलिओच्या बूथवर ते असायचे. रोटरीने १९८५ साली पोलिओविरुद्धची जागतिक मोहीम हाती घेतली. भारतातला वन्य, म्हणजे निसर्गात आढळणाऱ्या, पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्या बूथवर उन्हात बसून, थेंब पाजून पोरांच्या करंगळीवर शाईची खूण करणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा मला आज आठवत नाही. तेव्हा मी त्यांना धन्यवादही म्हटले नव्हते.

सभेत चार प्रश्नांची एक कसोटी सगळ्यांनी मिळून म्हटली: जे करतो वा बोलतो ते सत्य आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, अशी. शेजारी बसलेल्या बाईंनी मला सांगितले की ही कसोटी १९३२ साली हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थाने शिकागोतली ॲल्युमिनियमच्या भांड्यांची बुडत चाललेली कंपनी सावरताना लिहिली. पातेली विकणाऱ्याने लिहिली म्हणूनच ती इतकी सोपी असावी. पाचवा प्रश्न मात्र मला सुचला: समोरच्याचे केस विंचरलेले आहेत का?

नंतर एक डबा फिरला. ज्याला काही आनंदाचे सांगायचे आहे त्याने त्यात पैसे टाकायचे आणि दोन वाक्यांत सांगायचे. कुणाची मुलगी सीए झाली होती, कुणाला नातू झाला होता, एका गृहस्थांना बायको माहेरून परत आली याचा आनंद होता आणि तो ५०० रुपयांचा होता. डबा माझ्यापर्यंत आला तेव्हा १०० रुपये टाकून मी सांगितले की आई परवा काठी टेकत गॅलरीच्या टोकापर्यंत एकटी गेली आणि परत आली. पुढे तुमच्याविषयी बोलायचे होते, म्हणून तुम्हाला शोधले, तर तुम्ही नव्हता. कळले, की शिवडीला कुणाच्या तरी घरी पलंग पोचवायला गेला आहात. १ जुलैला तुमचे अध्यक्ष बदलले, सगळे पदाधिकारी बदलले, तुमच्याकडे तर आता कुठले पदही नाही. टेम्पो मात्र तुम्हीच नेता. जे तोंडावर सांगायचे होते ते म्हणून असे उघड पत्र लिहून सांगतो आहे.

आमच्याकडचा पलंग येत्या रविवारी घेऊन जावा. हँडल डावीकडे फिरवताना अडत होते, त्याला तेल घातले आहे. बाजूचे लोखंडी कठडे आईच्या कोपरांना लागत, म्हणून पत्नीने जुन्या सुती साडीच्या पट्ट्या त्यावर गुंडाळल्या होत्या. त्या धुऊन पुन्हा बांधल्या आहेत, पुढच्या रुग्णाला उपयोगी पडतील. अनामत रक्कम परत नको, ती केंद्रातच ठेवावी.

आईचा एक निरोप आहे. रविवारी चष्मेवाल्या मुलाने स्वतः यावे, फलक आणला तरी चालेल. ती सकाळी न्हाऊन, केस विंचरून, खुर्चीत बसलेली असेल, आणि फोटो काढायचा की नाही हे या वेळी ती ठरवणार आहे.

आपला कृपाभिलाषी,
लालबागच्या तिसऱ्या मजल्यावरचा एक भाडेकरू