ती देवदूत नव्हे, क्लारा शुमान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जर्मनीतल्या बॉन शहरावरचा प्रवासलेख वाचला. तिथल्या जुन्या दफनभूमीतल्या ‘शुमानच्या समाधी’चा फोटो सुरेख आहे. मात्र फोटोखालच्या ओळीत पायथ्याशी बसलेल्या स्त्रीला ‘देवदूत’ म्हटलं आहे. ती देवदूत नव्हे. ती जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानची पत्नी, पियानोवादक आणि संगीतकार क्लारा शुमान आहे, आणि तीही त्याच जागी चिरविश्रांती घेते आहे. लेखात तिचं नाव एकदाही आलेलं नाही, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे कलोनला गेले होते, तेव्हा मुद्दाम बॉनला जाऊन ही समाधी पाहिली. मी घरी मुलांना पियानो शिकवते, त्यामुळे हे दोघं मला परके नव्हते. दफनभूमी १७१५ सालची, झाडांनी भरलेली. बीथोव्हनची आई तिथेच आहे. १८२३ मध्ये भगवद्गीता लॅटिनमध्ये नेणारे ऑगस्ट विल्हेल्म श्लेगलही तिथेच आहेत. आपल्या वाचकांना हे कळलं असतं तर आवडलं असतं.

समाधी शुभ्र संगमरवराची आहे. वर गोलात रॉबर्टचा एका बाजूने दिसणारा चेहरा, खाली संगीतात रमलेली बालकं, आणि पायथ्याशी कलादेवतेच्या रूपात वर त्याच्याकडे पाहणारी क्लारा. शिल्पकार आडोल्फ फॉन डोनडॉर्फ. अनावरण २ मे १८८० रोजी झालं. त्या दिवशी साठ वर्षांची क्लारा स्वतः तिथे हजर होती. दगडातली आपलीच मूर्ती, नवऱ्याच्या पायाशी बसलेली, ती जिवंतपणी पाहत होती. त्यानंतर सोळा वर्षांनी, मे १८९६ मध्ये, तिला तिथेच पुरण्यात आलं. मी त्या समाधीसमोर उभी होते तेव्हा माझ्या मनातून हेच जात नव्हतं.

समाधीवरचा मजकूर सांगतो की थोर स्वररचनाकारासाठी हे स्मारक त्याच्या मित्रांनी आणि चाहत्यांनी उभारलं. पण त्यासाठीचा पैसा कुठून आला? ऑगस्ट १८७३ मध्ये बॉनमध्ये शुमान महोत्सव भरला, त्याचं उत्पन्न स्मारकासाठी होतं. त्या महोत्सवात रॉबर्टचा पियानो कन्चेर्तो (वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायची पियानोची रचना) वाजवला तो क्लारानेच. ज्या दगडात ती पायाशी बसली आहे, त्या दगडाचं मोल तिच्या बोटांनीही फेडलं आहे.

याच्या आधीची एक गोष्ट सांगितली जाते. १८४६ मध्ये शिल्पकार रीट्शेल यांनी या दोघांचं एकत्र उठावशिल्प केलं. क्लाराचा चेहरा पुढे ठेवावा असं त्यांच्या मनात होतं. रॉबर्ट म्हणाला, रचना करणारा वादकाच्या आधी येतो. मग त्याचाच चेहरा पुढे आला. डोनडॉर्फ हे या रीट्शेल यांचे शिष्य.

पण क्लारा नुसती वादक नव्हती. तिचा स्वतःचा पियानो कन्चेर्तो १८३५ मध्ये लाइप्झिगला संगीतकार मेंडेल्सोननी संचालित केला, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. लग्नाला तिच्या वडिलांचा कडवा विरोध, कोर्टकचेरी, हे सगळं पार करून १२ सप्टेंबर १८४० ला, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, दोघांचं लग्न झालं. पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून बारा गाण्यांचा संग्रह छापला. त्यातली तीन तिची, पण कोणतं कोणाचं हे छापलंच नव्हतं. रॉबर्टचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. दोघं मिळून एक रोजनिशी लिहीत. असं घर फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

फेब्रुवारी १८५४ मध्ये रॉबर्टने डुसेलडॉर्फला ऱ्हाईन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण नंतरची दोन वर्षं तो बॉनजवळ एंडेनिशच्या मनोरुग्णालयात होता. क्लाराला त्याला भेटता आलं ते अगदी शेवटी, जुलै १८५६ मध्ये. मधल्या काळात आठवं मूल जन्मलं. एक मूल आधीच लहानपणी गेलं होतं; उरलेल्या सात मुलांचं घर तिने कार्यक्रमांवर चालवलं आणि त्या कार्यक्रमांत नवऱ्याच्या रचना लोकांपुढे पुन्हा पुन्हा ठेवल्या. त्याच्या समग्र रचनांचं संपादनही तिनेच केलं. तिचं स्वतःचं संगीतलेखन मात्र त्याच्यानंतर जवळजवळ थांबलं. मला याचं फार वाईट वाटतं.

नंतर जर्मनीने तिचा चेहरा १०० मार्कांच्या नोटेवर छापला. समाधीवरची तिची जागा काही त्याने बदलत नाही, आणि बदलावी असंही मी म्हणत नाही. डोनडॉर्फचं काम अप्रतिम आहे. तिच्या वळलेल्या मानेतली माया खरी वाटते. पण ते शिल्प पाहणाऱ्याला ती कोण हे माहीत हवं.

कृपया फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापावी आणि समाधीचा उल्लेख ‘रॉबर्ट आणि क्लारा शुमान यांची’ असा करावा. ज्यांना तिची ओळख करून घ्यायची असेल त्यांनी तिचं १८४६ चं पियानो त्रिकूट (पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांसाठीची रचना) ऐकावं. माझ्या एका विद्यार्थिनीने ते ऐकल्यावर विचारलं होतं, “बाई, यांचं अजून काय काय आहे?”

आपली,
एक वाचक, पुणे